खडकावरची क्रस्टोज दगडफुलं ओळखायची कशी? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

उघड्या खडकावर दिसणारे राखाडी, पिवळे, शेंदरी, काळे चट्टे नीट पाहिले तर त्यांतले बरेचसे जिवंत निघतात. दगडफूल, म्हणजेच लायकेन, हे बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल (काही वेळा सायनोबॅक्टेरिया) यांचं जोडीनं जगणं आहे. शास्त्रीय नाव मात्र त्यातल्या बुरशीचं असतं. पानासारखी कडेनं सुटी असणारी किंवा झुडपासारखी वाढणारी दगडफुलं तुलनेनं लवकर ओळखू येतात. जी अख्ख्या अंगानं दगडाला चिकटलेली असतात, नखानं उचलायला गेलं तर उचलत नाहीत, काढायची तर सोबत दगडाचा कपचाच काढावा लागतो, ती क्रस्टोज. नवा माणूस अडकतो तो इथेच.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: फोटो काढायचा, रंग जुळणारं चित्र शोधायचं आणि त्याखालचं नाव उचलायचं. क्रस्टोजच्या बाबतीत ही वाट फार दूर जात नाही. जगात दगडफुलांच्या सुमारे वीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि एकाच रंगाच्या, एकमेकींशी दूरचं नातं असलेल्या जाती एकाच खडकावर शेजारी शेजारी असू शकतात. मी स्वतः ज्या क्रमानं काम करायला शिकलो तो क्रम खाली देतो: आधी दगड, मग शरीराची ठेवण, मग फळ, मग रसायन आणि शेवटी बीजाणू. रंगाचीही नोंद करायची, पण निव्वळ रंगावरून नाव ठरवायचं नाही.

काय काय जवळ हवं

बाहेर नेण्यासाठी:
- दहापट भिंग, जमल्यास वीसपटही. गळ्यात दोरीनं अडकवलेलं असावं.
- पाण्याची छोटी फवारणीची बाटली
- धारदार चाकू किंवा एका बाजूला धार असलेलं ब्लेड
- छिन्नी, हातोडी आणि डोळ्यांवर चष्मा (कपचे उडतात, चष्म्याशिवाय छिन्नीला हात लावू नका)
- कागदाच्या पुड्या, पेन्सिल, वही
- जवळून फोटो काढता येईल असा कॅमेरा किंवा फोन, आणि मिलिमीटरची पट्टी
- दगड तपासायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, घट्ट बुचाच्या ड्रॉपर-बाटलीत
- संरक्षित जागा असेल तर नमुने घेण्याची लेखी परवानगी

घरी किंवा प्रयोगशाळेत:
- पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण (पुढे त्याला नुसतं 'पोटॅश' म्हटलं आहे)
- ताजं, साधं, रंग-सुगंध नसलेलं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट)
- आयोडीनचं ल्युगोल द्रावण
- लांब लहरींचा अतिनील दिवा (सुमारे ३६५ नॅनोमीटर)
- काचपट्ट्या, कव्हरस्लिप, बारीक सुई, टीपकागद
- ४०० पटीपर्यंत मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक. १००० पट आणि तेलाची लेन्स मिळाली तर उत्तम

यादी पाहून दबून जाऊ नका. भिंग, पाणी, पोटॅश आणि ब्लीच एवढ्यावर सुरुवात होते. सूक्ष्मदर्शक नंतर आला तरी चालतो, पण कधीतरी तो लागणार हे मनाशी धरून चला.

१. आधी खात्री करा की ते दगडफूलच आहे

खडकावर दगडफुलासारखं दिसणारं पुष्कळ काही असतं. लोहाचे तांबूस डाग, चुन्याचे पांढरे ओघळ, पक्ष्यांची विष्ठा, रंगाचे शिंतोडे. जिवंत गोष्टींतही पाणी झिरपतं तिथले काळे पट्टे बरेचदा नुसत्या सायनोबॅक्टेरियाचे असतात; आणि सावलीतल्या ओलसर खडकावरचा नारिंगी, मखमली थर हा ट्रेंटेपोलिया नावाचं मोकळं शैवाल असू शकतो. तो बोटानं घासला की निघून येतो आणि भिंगाखाली बारीक तंतू दिसतात.

सर्वांत सोपी परीक्षा ओरखड्याची. चाकूच्या टोकानं चट्ट्याच्या कडेजवळ अगदी हलका ओरखडा काढा. वरची पातळ साल निघाली आणि तिच्या लगेच खाली हिरवा थर दिसला, तर ते दगडफूल. हाच ओरखडा पिवळट-नारिंगी दिसला तर आतलं शैवाल ट्रेंटेपोलियाच्या गटातलं असण्याची शक्यता मोठी. ही नोंद लगेच वहीत करा, कारण तेवढ्यानं पुढे कितीतरी प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) बाजूला पडतात. दुसरी खूण पाण्याची: फवारा मारला की सालीचा पारदर्शीपणा वाढतो, आतला हिरवा रंग वर येतो आणि राखाडी चट्टा काही क्षणांत हिरवट होतो. खनिजाचा डाग ओला झाला तर नुसता गडद होतो.

म्हणून एक नियम: रंगाची नोंद नेहमी कोरड्या स्थितीत करा. पावसानंतर पाहिलेलं आणि उन्हात पाहिलेलं एकच दगडफूल वहीत दोन वेगळ्या नावांनी जाऊ शकतं.

२. दगड तपासा

ही पायरी लोक टाळतात, आणि खरं तर सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त माहिती इथेच मिळते. क्रस्टोज दगडफुलं दगडाच्या रसायनाबद्दल फार काटेकोर असतात. दगडफूल नसलेल्या, ताज्या फुटलेल्या जागी आम्लाचा एक थेंब टाका. फसफसलं तर दगडात चुना आहे. नाही फसफसलं तर तो बहुधा सिलिकायुक्त, म्हणजे ग्रॅनाइट, बेसॉल्ट, क्वार्ट्झाइट, वाळूचा खडक अशांपैकी. चुनखडीवर वेरुकारियाच्या पुष्कळ जाती मिळतात, तर ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम सिलिकायुक्त खडकाचा रहिवासी आहे. ओळखीच्या बहुतेक चाव्यांमध्ये (प्रश्नांच्या पर्यायांतून नावापर्यंत नेणाऱ्या याद्यांमध्ये) पहिलाच प्रश्न हा असतो.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. सिमेंट आणि चुन्याचा गिलावा हे चुनायुक्त धरायचे, भोवतालचा दगड कुठलाही असो. वरून चुन्याचं पाणी वाहून येत असेल तर ग्रॅनाइटवरही चुनखडीवरच्या जाती सापडतात. आणि पक्षी जिथे नेहमी बसतात त्या टोकांवर नत्र भरपूर असल्यानं नारिंगी दगडफुलं उठून दिसतात. तेव्हा फक्त 'खडक' असं न लिहिता खडकाचा प्रकार, उतार, दिशा, सावली आणि वरून पाणी येतं का, एवढं लिहा.

सावधान: आम्लाची बाटली आणि ब्लीचची बाटली एका पिशवीत कधीही ठेवू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो विषारी आहे.

३. शरीराची ठेवण पाहा

आता भिंग. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि मग दगडाच्या जवळ जा. हात लांब करून भिंगातून पाहिलं तर काहीच धड दिसत नाही. ऊन तिरकं पडत असेल तर उंचसखलपणा छान उठतो.

दगडफुलाच्या शरीराला थॅलस म्हणतात. त्यात पाहायचं ते असं:

- पृष्ठभाग: सलग आहे, भेगा पडल्या आहेत, की सुकून तडकलेल्या चिखलासारखे वेगवेगळे तुकडे झाले आहेत? या तुकड्यांना अरिओल म्हणतात. ते सपाट की फुगीर, हेही लिहा.
- कड: एकसारखी संपते, विरळ होत जाते, की बाहेरच्या बाजूला लहान लहान पाळ्या फुटल्या आहेत? पाळ्या असल्या तरी मधला भाग घट्ट चिकटलेला असेल तर ते क्रस्टोजच.
- प्रोथॅलस: कडेला किंवा अरिओलांच्या मधून दिसणारी, शैवाल नसलेली बुरशीची पट्टी. काळी, पांढरी किंवा नसलेलीच.
- पावडर किंवा बोटुल्या: पृष्ठभागावर पिठासारखे कण असतील तर ते सोरेडिया, आणि छोट्या खुंट्या असतील तर त्या इसिडिया. दोन्ही बीजाणूंशिवाय पसरण्याची साधनं आहेत.
- शरीर दिसतच नाही: चुनखडीवर थॅलस कधीकधी दगडाच्या आतच वाढतो. वर फक्त रंगातला फरक आणि काळे ठिपके दिसतात. ते गळून गेले की दगडात सूक्ष्म खड्डे राहतात.

एकाच खडकावर अनेक थॅलस एकमेकांना भिडून नकाशासारखी रचना होते आणि दोन शेजाऱ्यांच्या सीमेवर काळी रेघ उमटते. ती रेघ कोणाची, हे ठरवल्याशिवाय 'काळा प्रोथॅलस आहे' असं लिहू नका. एखाद्या मोकळ्या कडेला, जिथे शेजारी नाही, तिथे पाहून खात्री करा.

संपूर्ण चट्टा नुसता पिठासारखा असेल आणि फळाचा पत्ताच नसेल, तर लेप्रारिया (राखाडी, हिरवट-पांढरी) किंवा क्रायसोथ्रिक्स (झळाळती पिवळी) यांच्याकडे आधी पाहा. लेप्रारियाच्या जाती वेगळ्या करायला रासायनिक विश्लेषण लागतंच. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या मागे लागू नका.

४. फळ पाहा: सगळा डाव इथे आहे

बुरशी बीजाणू तयार करते ती जागा म्हणजे फळ. क्रस्टोज दगडफुलांत ते बहुतेक वेळा अर्धा ते दोन मिलिमीटरचं असतं, त्यामुळे भिंगाशिवाय इलाज नाही. आधी प्रकार ठरवा:

- उघडी चकती (अॅपोथेसियम): गोल, वरून उघडी, रंगीत किंवा काळी.
- बंद कुपी (पेरिथेसियम): वरून फक्त काळा फुगवटा किंवा टोकाला छिद्र. वेरुकारिया अशी.
- लांबट रेघ (लिरेला): लिहिल्यासारख्या काळ्या, कधी फांद्या फुटलेल्या रेघा. ओपेग्राफा अशी.

चकती असेल तर तिची कड पाहण्यासाठी हवा तेवढा वेळ द्या. मला विचाराल तर नवख्यानं पहिला महिना फक्त हेच करावं.

कडेचा रंग थॅलससारखा असेल आणि चकतीचा वेगळा, तर ती थॅलसचीच कड आहे आणि तिच्यात शैवाल आहे. याला लेकानोराइन म्हणतात. चकती आणि कड दोन्ही एकाच रंगाच्या, बहुधा काळ्या असतील आणि कडेत शैवाल नसेल, तर लेसिडीन. शंका असेल तर एक फळ ओलं करून ब्लेडनं उभं मधोमध कापा आणि काप भिंगाखाली धरा: लेकानोराइन फळात कडेच्या आत हिरवी पट्टी चढलेली स्पष्ट दिसते. लेसिडीन फळात ती पट्टी फळाच्या खालीच थांबते किंवा नसतेच. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढे न कापताही नजर बसते.

दोन सूचना. एक, नेहमी कोवळी फळं पाहा. म्हातारी चकती फुगत जाते, कड खाली ढकलली जाते आणि लेकानोराइन फळही बिनकडेचं वाटू लागतं. दोन, काही प्रजातींत फळ थॅलसमध्ये बुडालेलं असतं. अॅस्पिसिलियात काळी चकती पृष्ठभागाच्या पातळीला किंवा किंचित खाली बसते, कड नावालाच. डिप्लोस्किस्टेसमध्ये चकती खोल वाटीत असते. अकारोस्पोरातही फळं अरिओलात रुतलेली असतात.

आणखी एक सापळा आहे. दगडफुलावर वाढणाऱ्या परजीवी बुरशाही असतात आणि त्यांचे काळे ठिपके यजमानाच्या फळांसारखे दिसतात. एकाच थॅलसवर दोन तऱ्हांची फळं दिसली, किंवा ठिपक्यांभोवतीचा भाग विटलेला, मेलेला दिसला, तर तो पाहुणा समजा.

५. नमुना घ्या, पण जपून

क्रस्टोज दगडफुलं फार सावकाश वाढतात. ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकमची वाढ थंड प्रदेशात वर्षाला १ मिलिमीटरपेक्षाही कमी असते, आणि म्हणूनच १९५० साली रोलांड बेशेल यांनी तिच्या थॅलसच्या व्यासावरून हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडांचं वय काढण्याची पद्धत मांडली. तळहाताएवढा थॅलस कित्येक शतकांचा असू शकतो. तुमच्या छिन्नीच्या एका घावानं तो संपू नये.

म्हणून: जिथे एकच थॅलस आहे तिथे फक्त फोटो. भरपूर असतील तर कडेचा आणि थोडा मधला भाग येईल असा, फळं असलेला, अंगठ्याच्या नखाएवढा कपचा पुरतो. आधीच भेगाळलेला, सुटू पाहणारा दगड शोधा. कोरीव काम, शिलालेख, जुन्या भिंती, स्मारकं यांना छिन्नी लावायचीच नाही, परवानगी असली तरी.

काढण्याआधी तीन फोटो घ्या: लांबून खडक, मग पट्टीसह अख्खा थॅलस, मग जवळून फळं आणि कड. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदी पुडीत. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पुडीवर जागेवरच क्रमांक टाका आणि तोच क्रमांक वहीत. 'घरी गेल्यावर लिहू' म्हटलं की पुड्यांची अदलाबदल ठरलेली.

६. रंगाच्या चाचण्या

दगडफुलातली बुरशी अनेक खास रसायनं बनवते आणि ती साध्या द्रावणांशी ठराविक रंग देतात. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि आजही पहिली चाचणी तीच असते. लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: पोटॅशला 'के', ब्लीचला 'सी', आधी पोटॅश आणि लगेच त्यावर ब्लीच म्हणजे 'केसी', पॅराफिनिलिनडायअमाइनला 'पी'. रंग आला तर अधिक आणि रंगाचं नाव, नाही आला तर उणे.

कृती अशी. कोरड्या नमुन्याचा कण टीपकागदावर किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा. सुईच्या टोकावर येईल एवढाच द्रावणाचा थेंब त्याला लावा आणि भिंगातून सलग मिनिटभर पाहा. नजर हलवू नका: सी चाचणीतला लाल रंग काही सेकंदांत येतो आणि विरून जातो. याउलट के चाचणीत आधी पिवळा येऊन मग हळूहळू लाल होणं हे वेगळं उत्तर आहे, त्याला वेळ लागतो. साल आणि आतला पांढरा भाग, म्हणजे मेड्युला, यांची चाचणी वेगवेगळी करा. ब्लेडनं साल खरवडून आतला भाग उघडा करायचा.

नेहमी भेटणारी उत्तरं:

- के+ जांभळट-लाल, तत्काळ: पॅरिएटिन वगैरे अँथ्राक्विनोन. नारिंगी कॅलोप्लाका आणि झँथोरिया.
- के+ पिवळा: बहुधा अॅट्रानोरिन. लेकानोरात वारंवार.
- के+ पिवळा, मग लाल: नॉरस्टिक्टिक आम्ल. उदाहरणार्थ अॅस्पिसिलिया सिनेरिया. पातळ काप काचपट्टीवर पोटॅशमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिला तर काठांवरून लाल सुयांसारखे स्फटिक फुटताना दिसतात. ही खात्रीची खूण आहे, आणि पाहायला विलक्षण सुंदर.
- सी+ लाल: गायरोफोरिक किंवा लेकानोरिक आम्ल. डिप्लोस्किस्टेस स्क्रुपोसस हे ठळक उदाहरण.

अंधारात अतिनील दिव्याखालीही नमुना पाहा. ऱ्हायझोकार्पिक आम्ल नारिंगी चमकतं, लायकेझँथोन झगझगीत पिवळं. हा दिवा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

चाचणी फसते ती बहुधा द्रावणामुळे. उघडलेलं ब्लीच काही महिन्यांत मरतं, पोटॅशही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना हाताशी ठेवा: के साठी नारिंगी झँथोरियाचा तुकडा, सी साठी डिप्लोस्किस्टेस. आधी त्यावर थेंब टाकायचा. तिथे रंग आला तरच नव्या नमुन्याच्या 'उणे' उत्तरावर विश्वास ठेवायचा. द्रावण खडकावरच्या जिवंत दगडफुलावर थेट ओतू नका, तो भाग मरतो.

पी चाचणीबद्दल माझं स्पष्ट मत: नवख्यांनी ती घरी करू नये. ते रसायन विषारी आहे, त्वचेला तीव्र अॅलर्जी देतं. पुढे गरज पडली तर जाणत्या माणसासोबत, हातमोजे घालून आणि हवेशीर जागी.

७. पिवळ्या चट्ट्यांवर सराव करा

रंगावर विसंबणं का चालत नाही, हे पिवळ्या दगडफुलांवरून सर्वांत चांगलं कळतं, आणि चाचण्यांचा हातही इथेच बसतो. सिलिकायुक्त खडकावर तुम्हाला एक पिवळा चट्टा दिसला, समजा. चार शक्यता घ्या.

*कॅलोप्लाका:* पिवळ्यापेक्षा नारिंगीकडे झुकलेली. के चा थेंब पडताच जांभळट-लाल. काहींचा थॅलस राखाडी आणि फक्त फळं नारिंगी असतात. तेव्हा थेंब फळावर टाका.

*कॅन्डेलारिएला:* अंड्याच्या बलकासारखा पिवळा. के उणे, किंवा फार तर किंचित तांबूस छटा. नजरेनं कॅलोप्लाकाशी गोंधळ होतो, थेंबानं सुटतो. कॅन्डेलारिएला व्हिटेलिनात बीजाणूंच्या एका पिशवीत आठापेक्षा जास्त बीजाणू असतात.

*पिवळी अकारोस्पोरा:* लिंबासारखा पिवळा, अरिओल जाड, फळं आत रुतलेली आणि काळी नसलेली. के उणे. एका पिशवीत शंभराहून जास्त, अगदी बारीक बीजाणू.

*ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम:* हिरवट-पिवळे सपाट अरिओल, त्यांच्या मधून आणि कडेनं काळा प्रोथॅलस. काळी फळं अरिओलांवर नसतात, अरिओलांच्या मधे बसतात. भिंगाखाली हे एकदा पाहिलं की विसरत नाही. मेड्युलावर आयोडीन टाकलं की निळा-जांभळा रंग येतो. बीजाणू गडद रंगाचे, आडव्या-उभ्या पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेले. २००५ मध्ये फोटॉन-एम२ या यानातून हीच जात, झँथोरिया एलेगन्सच्या जोडीनं, दोन आठवडे अंतराळाच्या उघड्या पोकळीत ठेवली होती आणि दोन्ही जिवंत परतल्या. मात्र एक ध्यानात ठेवा: हिरवट-पिवळ्या ऱ्हायझोकार्पनच्या जवळच्या इतर जातीही आहेत. आयोडीन आणि बीजाणू न पाहता नुसत्या फोटोवरून 'जिओग्राफिकम' लिहिणं घाईचं ठरतं.

८. बीजाणू पाहा

राखाडी थॅलस आणि काळी लेसिडीन फळं, इतकंच हाती असेल तर लेसिडिया, पोर्पिडिया, ऱ्हायझोकार्पन, ब्युएलिया यांतलं काहीही असू शकतं. बाहेरून कितीही पाहिलं तरी हा गुंता सुटत नाही. बीजाणू पाहिले की चटकन सुटतो.

फळ पाण्यानं ओलं करा, दोन मिनिटं थांबा. नवं ब्लेड घेऊन भिंगाखाली जमेल तितके पातळ उभे काप घ्या. पहिले दहा जाड येतील, ते टाकून द्या. पातळ काप काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप, आणि पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलकं दाबा. हे पाहा आणि लिहा:

- बीजाणू रंगहीन की तपकिरी
- एकच कप्पा, दोन कप्पे, की जाळीदार अनेक कप्पे
- भोवती पारदर्शक वलय आहे का
- एका पिशवीत किती
- लांबी-रुंदी; पिशवीबाहेर पडलेले, पूर्ण वाढलेले निदान दहा बीजाणू मोजा
- काळ्या चकतीच्या वरच्या आणि खालच्या थराचा रंग

लेसिडियाचे बीजाणू लहान, रंगहीन, एककप्पी. पोर्पिडियाचेही तसेच, पण मोठे आणि वलयासह. ऱ्हायझोकार्पनमध्ये पडदे आणि वलय. ब्युएलियात तपकिरी आणि दोन कप्प्यांचे. लेकानोराइन फळांतही हेच उपयोगी पडतं: लेकानोराचे रंगहीन एककप्पी, रायनोडिनाचे तपकिरी दोनकप्पी. कॅलोप्लाकाचे तर ओळखीचेच: दोन टोकांना दोन पोकळ्या आणि मधल्या जाड पडद्यातून जाणारी बारीक नळी.

मोजमापाआधी सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगातली मोजपट्टी प्रमाणित काचपट्टीवरून जुळवून घ्या, प्रत्येक लेन्ससाठी वेगळी. आणि पाण्यात मोजलं की पोटॅशमध्ये, हे लिहा. पोटॅशमध्ये काही भाग फुगतात.

९. आता चावी उघडा

ओळखीची चावी, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून पुढे नेणारी यादी, इथवर आल्यावरच हातात घ्या. ती तुमच्या प्रदेशाची असावी. दुसऱ्या खंडाची चावी तुम्हाला हमखास कुठल्यातरी नावापर्यंत नेईल आणि ते चुकीचं असेल. एखाद्या टप्प्यावर दोन्ही पर्याय पटत असतील तर दोन्ही वाटांनी जाऊन पाहा. नाव हाती आलं की तिथे थांबू नका, त्या जातीचं पूर्ण वर्णन वाचा आणि आपल्या नोंदींतली प्रत्येक ओळ ताडून घ्या. चार गोष्टी जुळल्या आणि एक ठळकपणे जुळली नाही, तर नाव चूक आहे.

जुनी पुस्तकं वापरताना नावं बदललेली असतात हे ध्यानात ठेवा. कॅलोप्लाका या एका मोठ्या प्रजातीची २०१३ मध्ये डीएनएच्या आधारे अनेक प्रजातींत विभागणी झाली. सध्याचं मान्य नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशीनावांच्या ऑनलाइन सूच्यांत शोधता येतं.

पुरावा जिथे संपतो तिथे नावही थांबवा. फळं नसतील, बीजाणू पिकलेले नसतील, तर 'लेकानोरा, जात अनिश्चित' हे पूर्ण आणि उपयोगी उत्तर आहे. ओढूनताणून लावलेलं जातीचं नाव पुढच्या माणसाच्या नोंदीही बिघडवतं. काही गटांत पातळ-थर वर्णलेखनानं रसायनं वेगळी केल्याशिवाय किंवा डीएनए पाहिल्याशिवाय तज्ज्ञही जात सांगत नाहीत.

१०. नमुना जपून ठेवा आणि दाखवा

नमुना सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. फुलझाडांसारखा दाबायचा नाही. कीड लागू नये म्हणून बंद पिशवीत घालून काही दिवस उणे २० अंशांवर गोठवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर नमुन्यावर दव धरतं. मग आम्लरहित कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा. दगडाचा कपचा हलत असेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर डिंकानं बसवा, डिंक थॅलसला लागू देऊ नका.

पाकिटावर हे हवंच: अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, दगडाचा प्रकार, खडकाची दिशा आणि सावली, तारीख, गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव, रंगाच्या चाचण्यांची उत्तरं, बीजाणूंची मापं. चाचणीसाठी तोडलेला कण आणि केलेले काप छोट्या पुडीत घालून त्याच पाकिटात ठेवा.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकणार असाल तर काप, बीजाणू आणि चाचण्यांचेही फोटो जोडा आणि दगडाचा प्रकार लिहा. नुसत्या रंगीत चट्ट्याच्या फोटोवर जाणकार सहसा काहीच लिहीत नाहीत. वनस्पतिसंग्रहालयाकडे नमुना पाठवायचा तर आधी पत्र लिहून विचारा, आणि नमुन्याचा अर्धा भाग, त्याच क्रमांकासह, स्वतःजवळ ठेवा. उत्तर आलं की नवं नाव जुनं खोडून लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर तारखेसह लिहून पाकिटात घाला, म्हणजे आधी काय वाटलं होतं आणि ते कशामुळे बदललं, दोन्ही राहतं.